ड्रायव्हरच्या घरात भांडायचं नसतं

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. ज्वारीच्या रानात या बांधावरून त्या बांधावर हाका मारायची सवय, तीच घरात चालायची. वडील आईवर ओरडायचे, आई चुलतीवर, चुलती आम्हा पोरांवर, आणि दिवस मावळला की सगळे एका पंगतीला बसून जेवायचे. भांडण म्हणजे आमच्याकडे वैर नव्हतं, बोलण्याचीच ती एक तऱ्हा होती. मीही त्याच वळणाची निघाले. शाळेत बाईंशी भांडले, एसटीत कंडक्टरशी भांडले, आणि लग्न ठरलं तेव्हा शालूच्या रंगावरून होणाऱ्या सासऱ्यांशीही भांडले. सासरे माढ्याकडचे, शांत माणूस. ते हसून माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी फटकळ हाय, पर मनात काय ठेवत न्हाय. आमाला अशीच पायजे."

अशा बाईच्या नशिबी देवानं इंजिन ड्रायव्हर लिहिला.

आता लोको पायलट म्हणतात. पण आमचे हे स्वतःला ड्रायव्हरच म्हणत आले, म्हणून मीही तेच लिहिते. लग्न होऊन सोलापुरात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आले आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की या घरात मोठ्यानं बोलायचं नसतं. ड्रायव्हरची झोप घड्याळाला धरून नसते. गाडी आणून पोचवली की झोप, मग ती सकाळ असो की भर दुपार. खिडकीला काळं कापड लावायचं. दारावरच्या बेलची वायर काढून ठेवायची. कुकरची शिट्टी व्हायच्या आत चिमट्यानं हळूच वर उचलून वाफ सोडायची, ही कला मला शेजारणीनं शिकवली. आमच्या ओळीत एक रीत होती. घरात ड्रायव्हर झोपलेला असला की दारात रिकामी बादली पालथी घालायची. बादली पालथी दिसली की भाजीवाली गपचूप पुढं जायची, पोरं दुसऱ्या टोकाला खेळायला पळायची, पोस्टमनसुद्धा कडी वाजवायचा नाही. काही दिवस तर असे यायचे की ओळीतल्या सगळ्याच बादल्या पालथ्या. एवढी माणसं राहतात तिथं, आणि बोलायला कुणी नाही.

हे उठायचे, आंघोळ व्हायची, जेवण व्हायचं, आणि तेवढ्यात कॉल यायचा. कॉल म्हणजे ड्युटीवर येण्याचा सांगावा. पूर्वी माणूस यायचा, आता फोन येतो. कॉल आल्यावर तर काहीच बोलायचं नाही. डोक्यात काही घेऊन ड्रायव्हर इंजिनावर चढला तर मागे शेकडो माणसं असतात, नाहीतर हजारो टन माल असतो. हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. तरी रेल्वेनं समजावलंच.

वर्षातून एकदा ड्रायव्हरांच्या बायकांना हॉलमध्ये बोलावतात. चहा, बटाटेवडा, जाताना स्टीलचा एक डबा, आणि मधल्या वेळात साहेबांचं भाषण. मालकाला हसतमुखानं ड्युटीवर पाठवा. घरच्या कटकटी त्यांच्या कानावर घालू नका. आजारपण, पैशाची ओढाताण, सासू-सुनेचं, काही काही सांगू नका. एका वर्षी मी न राहवून उठले आणि विचारलं, "साहेब, मग आमी बोलायचं तरी कवा?" सगळ्या बायका हसल्या. साहेबही हसले. म्हणाले, "ताई, ते ड्युटीवरून आले, त्यांची झोप झाली, की निवांत बोला." मी म्हटलं, "झोप झाली की कॉल येतोय की." पुन्हा हशा झाला, साहेबांनी पुढचा मुद्दा घेतला, आणि मी वडा खाल्ला. मला हसू आलं नव्हतं.

तर भांडणाला बंदी होती. पण कुरकुरीला नव्हती. माणसाला कुठूनतरी वाफ सोडावी लागतेच. मी कुरकुर करायला शिकले. भाजी महागली, गॅस लवकर संपला, शेजारणीनं माझी दोरी वापरली. सगळ्यात लाडकी कुरकुर पाण्याची. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्या दिवशीही वेळेवर येईल असं नाही. पाण्याचा दिवस असला आणि नळ नुसता फुसफुसला, की मी नळ सोडणाऱ्यापासून वरपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत घरभर फिरायची. धरण भरलंय म्हणून पेपरात फोटो येतात, आणि आमच्या पिंपात चमचा बुडत नाही. हे गालातल्या गालात हसत बुटाची नाडी बांधायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, असं मी धरून चालले होते.

सासरे गेले तेव्हा हे लांबच्या गावी रनिंग रूमवर होते. रनिंग रूम म्हणजे गाडी नेऊन पोचवल्यावर ड्रायव्हरनं मुक्काम करायची जागा. परतीची गाडी घेऊन निघायच्या आधी ह्यांनी नेहमीप्रमाणे घरी फोन केला. इंजिनावर फोन बंद ठेवायचा असतो, म्हणून हा शेवटचा फोन. माढ्याहून दिरांचा निरोप मला नुकताच आला होता. डोळे पुसायलाही वेळ मिळाला नव्हता. सांगावं तर बदली ड्रायव्हर मिळेलच याची खात्री नाही, आणि नाही मिळाला तर हा माणूस बापाचं मरण डोक्यात घेऊन गाडी आणणार. मी म्हटलं, "हितलं सगळं ठीक हाय. सावकाश या." आवाज इतका गोड काढला की माझा मलाच ओळखू आला नाही.

हे गाडी घेऊन आले. बूट काढले. मी आधी पाणी दिलं, मग सांगितलं. ह्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं केलंस." तिकडे गावात मयत थांबवून ठेवली होती. आम्ही गेलो, सगळं झालं, आणि त्यावर ह्यांनी पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. मला आजही वाटतं, मी केलं ते बरोबर केलं. कुणी चूक म्हणत असेल तर त्याच्याशी भांडायला मी तयार आहे. पण त्या दिवशी ह्यांच्या मनात काय जाऊन बसलं, ते कळायला मला फार वर्षं लागली.

आमची एकुलती एक लेक शिकली आणि पुण्याला नोकरीला लागली. कंपनीत स्कूटरवर जाते. त्या दिवशी सकाळी ह्यांना कॉल येऊन गेला होता, हे आंघोळीला गेले होते, आणि लेकीचा फोन आला. वळणावर वाळूवरून स्कूटर घसरली. डावं मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घालतायत, मैत्रीण सोबत आहे, बाकी कुठं लागलं नाही. रडवेल्या आवाजात तिनं एवढं सांगितलं, आणि पुढं तीच म्हणाली, "आई, बाबांना आत्ता नको सांगूस, ड्युटीला चाललेत ना?" मी तेच म्हणणार होते. ड्रायव्हरच्या घरातली पोर. तिला शिकवावं लागलं नाही.

मी फोन ठेवला. हात चालू होते. कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदा, डबा बांधला. तो पाण्याचा दिवस होता आणि नळाला वारा येत होता. हे बाहेर आले आणि म्हणाले, "पानी आलं न्हाय वाटतं?"

"यील की उद्या," मी म्हटलं, आणि हसले.

हे बुटाची नाडी बांधता बांधता थांबले. वर बघून म्हणाले, "तब्येत बरी हाय न्हवं तुजी?"

"बरी हाय की."

एवढंच झालं. साहेबांच्या भाषणात सांगतात तसं मी ह्यांना अगदी हसतमुखानं दारातून पाठवलं.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. काही ह्यांच्याकडून, काही ह्यांच्या जोडीच्या असिस्टंट ड्रायव्हरकडून, काही इंजिनाच्या कॅबमध्ये हल्ली कॅमेरा असतो त्यावरून. मालगाडी होती. लख्ख दिवस होता. इंजिनात दोघे असतात, आणि समोर सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं पुकारायचा, दुसऱ्यानं हात वर करून तोच परत पुकारायचा. डुलकी लागू नये, नजर चुकू नये म्हणून ही पद्धत. एका लहान स्टेशनाच्या अलीकडे पिवळा सिग्नल होता. पिवळा म्हणजे पुढं थांबायची तयारी ठेव, वेग कमी कर. असिस्टंट म्हणाला, "यलो." ह्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "यलो." खणखणीत म्हणाले. पण ब्रेकला हात घातला नाही.

इतकी वर्षं पुकारून पुकारून तोंडाला सवय होऊन जाते. भाजीत मीठ घातलं की नाही हे मला कधी आठवत नाही, पण हातानं घातलेलं असतं. तसं ह्यांचं तोंड आपलं काम करून मोकळं झालं आणि ह्यांना ते ऐकूच आलं नाही. असिस्टंटला वाटलं, ड्रायव्हरसाहेबांनी पुकारलंय म्हणजे त्यांच्या ध्यानात आहे, आत्ता ब्रेक लावतील. तो वाट बघत राहिला. पुढं लाल दिसला तेव्हा तो ओरडला, ह्यांनी ब्रेक मारला, पण भरलेली मालगाडी जागच्या जागी थांबत नसते. इंजिन लाल सिग्नलच्या पलीकडे जाऊन उभं राहिलं.

पुढचा रूळ मोकळा होता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण रेल्वेत लाल सिग्नल ओलांडला म्हणजे ओलांडला, किती ओलांडला हे कुणी विचारत नाही. ह्यांचा श्वास तपासला, रक्त तपासलं, ड्युटीवरून उतरवलं आणि चौकशी होईपर्यंत घरी बसवलं.

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस दिवसभर घरात आणि जागा. काळं कापड काढून ठेवलेलं, बादली सुलटी, कुकरला शिट्ट्या करायला मोकळीक. आणि आम्ही दोघं तरीही कुजबुजत बोलायचो. चहा घेणार का. घेतो. एवढंच. ह्यांच्या डोक्यावर नोकरी जायची टांगती तलवार, म्हणून मी लेकीचं काही सांगितलं नाही. आधीच खचलेल्या माणसाला आणखी एक कशाला? लेक फोनवर सांगायची, काम फार आहे, सुट्टी मिळत नाही. ह्यांनी व्हिडिओ कॉल कर म्हटलं की तिचं नेट चालायचं नाही. माझा फोन वाजला की हे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मला वाटायचं, ऑफिसच्या निरोपाची वाट बघतायत.

ओळीतल्या बायका दिसल्या की बोलणं थांबवायच्या. त्यांचंही काय चुकलं? ड्रायव्हर चुकला की त्याच्या घरात शोधायचं, हे आम्ही सगळ्याच त्या हॉलमध्ये डबा घेऊन शिकलो होतो. एकजण मला म्हणालीच, "आमी तर बाई ह्यांच्यापुढं कधी आवाज चढवत न्हाय." जुनी मी असते तर तिथल्या तिथं तिची खरडपट्टी काढली असती. पण आवाज चढवला असता तर तेच पुरावा म्हणून पुरलं असतं. मूग गिळून घरात आले आणि परात इतकी घासली की हाताला फोड आले.

मग एक दिवस ड्रायव्हरांवर देखरेख ठेवणारे रेल्वेचे इन्स्पेक्टर घरी आले. ते ह्यांचेच जुने सोबती, पूर्वी एका इंजिनावर काम केलेले, आता बढती मिळालेले. हे दाढी करायला बाहेर गेले होते, ते बघूनच आले असावेत. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "वैनी, सरळ बोलतो. दारू न्हाय. झोप पुरी. फोन बंद. सिग्नल तर सोताच्या तोंडानं पुकारलाय. मग सायबानं काय समजायचं? बेफिकिरी. आन् बेफिकिरीला नोकरीच जाती."

"हे बेफिकीर न्हाईत."

"मला म्हाईत हाय की. पर कागदावर कायतर कारन लागतंय. घरात काय कटकट झाली आसंल तर..."

"न्हाय झाली."

"झाली आसंल तर, म्हणतुय मी." त्यांनी कप खाली ठेवला. "बाईमानूस सोता म्हणाली की मी भांडले, मालकाचं डोस्कं फिरवून पाठवलं, तर सायब लोक बी बायकापोरांचेच हायत. नोकरी वाचंल."

ते गेले आणि मी स्वयंपाकघरात उभी राहिले. मला इतका संताप आला की हसूच यायला लागलं. सगळं आयुष्य तोंडाला कुलूप लावून बसले, का तर भांडलीस तर गाडी पडेल. आणि आता तीच रेल्वे सांगत होती, भांडले म्हण, म्हणजे नवरा वाचेल. न केलेलं भांडण मी माझ्या नावावर लावून घ्यायचं. नाही म्हणाले तर ह्यांची नोकरी जाणार, नोकरीबरोबर क्वार्टर जाणार, आणि एवढी वर्षं मान खाली न घातलेल्या माणसाला बेफिकीर असा शिक्का बसणार. हो म्हणाले तर जन्मभर मी नवऱ्याची गाडी लालमध्ये घालणारी बाई. कुठूनही बाहेर पडायला वाट नव्हती. लेकीच्या मनगटाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. ते तर ह्यांना माहीतच नव्हतं, मग त्याचा काय संबंध?

मी ठरवलं, भांडले म्हणून सांगायचं.

चौकशीच्या दिवशी ऑफिसात तीन साहेब बसले होते. झाकणं ठेवलेले पाण्याचे ग्लास, थंडगार एसी, आणि मी इस्त्रीच्या साडीत. मला वाटलं होतं मला एकटीला विचारतील. पण ह्यांना शेजारच्याच खुर्चीत बसवलं होतं. मधल्या साहेबांनी नरमाईनं विचारलं, "ताई, त्या दिवशी ड्युटीच्या आधी घरात काही वाद झाला होता का?"

"व्हय," मी म्हटलं. "मी लई भांडले."

"कशावरून?"

याची तयारी मी केली नव्हती. पहिलं तोंडात आलं ते बोलून गेले. "पाण्यावरनं. नळाला पाणी आलं न्हवतं. लई बोलले मी ह्यास्नी."

हे खुर्चीतून उभे राहिले.

"सायेब, ही खोटं बोलतीया," हे म्हणाले. "पान्यावरनं ही एक सबूद बोलली न्हाय. म्हणून तर समदं झालं."

साहेबांना कळेना. मलाही कळेना. हे कधी चार वाक्यं सलग बोलणारे नव्हेत, त्या दिवशी मात्र थांबेनात.

"माजा बाप मेला तवा हिनं मला फोनवर असंच ग्वाड बोलून गाडी आनाय लावली. बरं केलं, मी न्हाय म्हनत न्हाय. पर तवापास्नं मला हिची कुरकुर लागती सायेब. ही घरात करवादत फिरत आसली की मला वाटतं समदं जाग्यावर हाय. त्या दिशी पानी आलं न्हाय आन् ही हसली. मंजी कोन तरी गेलं, न्हायतर जानार हाय. मी समदी वाट त्येच शोधत हुतो. सकाळी न्हानीत आसताना पोरीचा फोन आल्याचं आयकलं हुतं, मंजी पोरगी हाय. गावाकडं काय आसतं तर हिला एवढं जड गेलं नसतं. ऱ्हायली कोन? हीच." ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मला वाटलं हिलाच काय तरी मोटं दुकनं निगालंय, आन् मला सांगंना झालीया. पिवळा मला दिसला. मी म्हनलो बी यलो. पर मी तितं न्हवतो."

मग हे हळू आवाजात म्हणाले, "आजून बी मला काय ठाव न्हाय. तुमीच इचारा तिला. तुमाला तर सांगंल."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्याला घरात न सांगितलेली गोष्ट मला तिथं, तीन परक्या माणसांपुढं सांगावी लागली. "पोरीचा हात मोडला हुता. गाडीवरनं पडून. डावा हात, मनगट. आता प्लास्टर बी निघालं."

हे खाली बसले. "आन् तू?"

"मला काय झालंय? मी धडधाकट हाय की!" माझा आवाज असा चढला की दारातून शिपाई डोकावला. "एवढं वाटत हुतं तर इचारायचं न्हाय व्हय मला?"

"इचारलं की. बरी हाय म्हनालीस."

ते खरं होतं. तरुण साहेबानं मोठ्या साहेबांना विचारलं, हे लिहायचं कसं. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पाच मिनिटं बाहेर बसा म्हणाले.

नोकरी वाचली. पण ह्यांना इंजिनावरून उतरवलं ते कायमचं. ड्रायव्हर लोक ड्युटीवर हजेरी देतात त्या ऑफिसात आता ह्यांना टेबल दिलंय. दुसऱ्यांचे श्वास तपासायचे, दुसऱ्यांना कॉल द्यायचे. घड्याळाप्रमाणे जातात, घड्याळाप्रमाणे येतात. लोक म्हणतात, सुटलात. हे मान हलवतात. दुपारी इंजिनाची शिट्टी ऐकू आली की ताटातला हात थांबतो, आणि मी दुसरीकडे बघते. मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटण्याचाही राग येतो. कुणाचा राग करायचा ते मात्र ठरत नाही. एवढं मोठं काम एका हसण्यापायी गेलं.

त्या दिवशी ऑफिसातून परत येताना रिक्षात हे म्हणाले होते, "पोरीला ह्यातलं काय सांगू नगंस. आपल्या हातापायी बापाचं इंजिन गेलं, आसं तिला जन्मभर वाटंल." मी लगेच हो म्हटलं. दोघांचं इतकं चटकन एकमत झालं होतं की आपण काय ठरवतोय याचा आम्हाला विचारसुद्धा शिवला नाही.

मग एका रविवारी लेक आली. ह्यांना हाताचं कळलंय एवढं मी तिला फोनवर सांगितलं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून हात पुढं करून स्वतःच दाखवला. हे तिच्याजवळ बसले. तिचं मनगट हातात घेतलं, अंगठ्यानं दाबत दाबत हाडावरून फिरले, उलटं केलं, सुलटं केलं. "कुटं मोडला हुता?" तिनं जागा दाखवली. ह्यांनी परत चाचपून बघितलं. "कळत बी न्हाय की," हे म्हणाले, आणि बराच वेळ हात सोडला नाही.

मी ताटं वाढली. लेकीनं पहिला घास मोडला आणि विचारलं, "बाबा, त्या दिवशी नक्की काय झालं होतं? तुम्ही सिग्नल पुकारला होतात म्हणे, मग?"

"काय न्हाय गं. ध्यान गेलं जरा."

"कुठं गेलं?"

"आसंच."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "आई, तू सांग. त्या दिवशी सकाळी मी फोन केला होता ना?" तिच्या पलीकडून हे माझ्याकडे बघत होते. न सांगण्याची विनवणी इतकी उघड होती की ती लपवायची सवय ह्यांना नाहीच, हे मला तेव्हा दिसलं.

मी म्हटलं, "आदी जेव."

ती जेवली. मधेमधे माझ्याकडे बघत होती, मग ह्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच डोक्यात घेऊन तिला पुण्यात स्कूटरवर कामाला जायचं होतं.